लॅकरवरची धुवारी : जाम-हिंगणघाट रस्त्यावरच्या एका रंगकामाच्या शेडचा अनुभव

जाम चौरस्त्यावरून हिंगणघाटकडे निघाल्यावर डाव्या हाताला कापसाच्या एका जिनिंगच्या मागे पत्र्याची लांब शेड आहे. तिच्यावर पाटी नाही. या रस्त्यावरची डेंटिंग-पेंटिंगची इतर दुकाने रस्त्याकडे तोंड करून आहेत. ही शेड मात्र रस्त्याकडे पाठ फिरवून, दार पूर्वेला ठेवून उभी आहे आणि त्यामागचे कारण मला तिथल्या तिसऱ्या फेरीत समजले. घरी रंगवलेल्या गाडीच्या लॅकरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, आलेली पांढुरकी झाक काढण्यासाठी मी गेल्या कार्तिकात गाडी इथे दिली होती. काम होऊन आता चार महिने झाले आहेत. रंगाचे काम टिकले की नाही हे कळायला एवढा काळ जावा लागतो, म्हणून मी मुद्दाम थांबून हे लिहीत आहे.

गाडी २०११ची गर्द निळी वॅगन आर आहे. गिरडकडच्या आमच्या गावात तिला सावली म्हणजे अंगणातला कडुनिंब, आणि तीही दुपारी सरकून जाते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आमच्या भागात वरून कडक ऊन आणि खालून तापलेला पत्रा यांच्यामध्ये लॅकरचा जीव किती काळ टिकणार! टपावरचे आणि बॉनेटवरचे लॅकर पापुद्रे सुटून निघू लागले होते आणि डावीकडची दोन दारे बैलबंडीला घासून खरचटली होती. पुतण्याने मोटारसायकलींच्या टाक्या रंगवण्याचे काम थोडे शिकलेले असल्यामुळे कंप्रेसर भाड्याने आणून घरीच रंग मारायचे ठरले. घासणे, पुट्टी, प्रायमर आणि निळा बेस कोट, म्हणजे रंगाचा मूळ थर, इथपर्यंत सगळे नीट झाले. चुका झाल्या त्या शेवटच्या थराला, म्हणजे टू-के (दोन घटक मिसळून मारायच्या) लॅकरला.

त्या चुका मी इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढे कारागिराने त्या एकेक करून ओळखल्या आणि त्याच्या पारखीची किंमत त्याशिवाय समजणार नाही. तान्हा पोळा होऊन गेला होता, पावसाने चार दिवस उघडीप दिली होती. धूळ उडू नये म्हणून आम्ही रिकाम्या गोठ्यात सकाळ-दुपार सडा टाकला आणि त्याच ओल्या जमिनीवर गाडी उभी केली. लॅकरचा हार्डनर, म्हणजे त्याला कडक करणारे द्रव्य, महिनाभरापूर्वी उघडलेल्या डब्यातला होता. लॅकर पातळ करणारा पीयू (पॉलियुरेथेन) थिनर संपला तेव्हा लाकडी फर्निचरच्या पॉलिशसाठी आणलेला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर त्यात घातला. काम दुपारी चारला सुरू झाले आणि टपावरचा शेवटचा हात दिवेलागणीच्या वेळी मारला गेला. रात्री टॉर्चच्या उजेडात सगळे काचेसारखे दिसत होते. सकाळी पाहिले तर काळा फळा ओल्या फडक्याने पुसून वाळल्यावर त्यावर खडूची जी पांढरट पुसट उरते, तशी पुसट बॉनेटवर, दारांवर आणि सर्वांत जास्त टपावर उमटली होती. तुरीच्या फुलोऱ्यावर पडणाऱ्या धुक्याला आमच्याकडे धुवारी म्हणतात. पुतण्याने गाडीकडे पाहून तोच शब्द उच्चारला आणि पुढे दुकानातही आम्ही सगळे तोच शब्द वापरत राहिलो.

त्यानंतर मी रबिंग कंपाउंडचा, म्हणजे रंग घासून चकाकवणाऱ्या पेस्टचा, डबा आणून हाताने बॉनेट घासले. चकाकी आली, आठ दिवस राहिली आणि दोनदा गाडी धुतल्यावर धुवारी परत जशीच्या तशी दिसू लागली. नागपूरच्या एका दुकानात दाखवले, तर त्यांनी दहा पावले दूरून पाहून सगळे खरवडून पुन्हा रंगवावे लागेल असे सांगितले आणि त्याचा आकडा माझ्या आवाक्याबाहेरचा होता. आमचा ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी मला या शेडचा पत्ता दिला.

या शेडबद्दल मला सर्वांत अधिक सांगावेसे वाटते ते तिथल्या तपासणीविषयी. कारागीर पन्नाशीचे आहेत. त्यांनी पॉलिशच्या मशीनला हात लावण्याआधी जवळजवळ तासभर फक्त पाहणी केली, आणि त्या तासाचे पैसे घेतले नाहीत. मी लगेच भाव विचारला तेव्हा ते म्हणाले, “सर, घाई नका करू. आधी पायतो, मंग सांगतो.” त्यांनी प्रथम गाडी साध्या पाण्याने धुतली आणि नंतर स्वच्छ फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बॉनेट पुसले. मी हाताने लावलेल्या कंपाउंडचे तेल अजून बारीक ओरखड्यांत बसलेले होते, ते निघाले आणि धुवारी होती त्याहून दाट दिसू लागली. माझा आठ दिवसांचा चमकदारपणा म्हणजे केवळ हे तेल होते, हे मला तिथे उमगले.

मग त्यांनी जी गोष्ट केली ती इतकी साधी आहे की ती प्रत्येकाने घरी करून पाहावी. बादलीतून ओंजळभर पाणी घेऊन त्यांनी बॉनेटवर सोडले आणि मला वाकून त्या पाण्याखालचा रंग पाहायला सांगितले. पाण्याखालचा निळा रंग स्वच्छ, खोल आणि गर्द दिसत होता. पाणी ओघळून गेले, पत्रा सुकू लागला, तशी कडेकडून पांढरी पुसट आत सरकत आली. नंतर त्यांनी स्टुलावर चढून टपावर तेवढेच पाणी सोडले. तिथे पाण्याखालीही पांढरेपणा तसाच राहिला. “पाणी मारलं का गेली, तं समजा धुवारी वरची हाये. पाणी मारूनई रायली, तं आतली हाये. वरची घासून निंगते, आतली निंगत नाई जी,” असे ते म्हणाले. यामागचे शास्त्र समजायला कठीण नाही. लॅकरचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत झाला की उजेड एका दिशेने परत न येता विखुरतो आणि डोळ्यांना तो पांढुरकेपणा वाटतो. पाणी त्या खाचा भरून काढते, म्हणून तेवढ्यापुरता रंग उघडा पडतो. ओलावा किंवा बारीक बुडबुडे लॅकरच्या थरातच अडकलेले असतील तर वरून कितीही पाणी घातले तरी उजेड आतल्या आत विखुरतच राहतो.

दारांवर त्यांनी पाणी टाकले नाही. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून त्यांनी दारावरून तळवा फिरवला आणि मलाही फिरवायला लावला. पिशवीमुळे उघड्या बोटांना न जाणवणारी खरखर स्पष्ट कळते. बॉनेट रंगवताना उडालेला फवारा अर्धवट वाळून दारांवर बसला होता, एवढाच तिथला दोष होता. शेवटी दाराच्या आतल्या कडेला, जिथे कोणाचे लक्ष जात नाही, तिथे त्यांनी अंगठ्याचे नख रोवून पाहिले आणि थिनरने ओला केलेला कापूस अर्धा मिनिट धरून ठेवला. नख उमटले नाही, कापसाला रंग लागला नाही. याचा अर्थ लॅकर मऊ राहिलेले नव्हते, पुरते वाळून कडक झाले होते. ते मऊ निघाले असते तर कोणताही पेपर लावण्यात अर्थ नव्हता, सगळे उतरवूनच घ्यावे लागले असते, कारण एनसी थिनरमध्ये असणारे अल्कोहोल हार्डनरमधल्या आयसोसायनेट या लॅकर पक्के करणाऱ्या रसायनाला खाऊन टाकते आणि लॅकर कधीच पुरते पक्के होत नाही. आमचा थिनर थोडा होता म्हणून आम्ही वाचलो, असे त्यांचे मत पडले. डब्यांची झाकणे पाहून त्यांनी हार्डनर शिळा होता हेही सांगितले; हवेतला ओलावा त्याच्याशी संयोग पावून आत कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे तयार करतो, त्यामुळे उघडलेला डबा महिनाभर ठेवून वापरू नये.

निदान असे झाले : बॉनेट आणि दारे घासून व पॉलिश करून सुधारतील, टपाचे लॅकर मात्र उतरवून पुन्हा मारावे लागेल. पूर्ण गाडीचा खर्च माझ्या गळ्यात घालणे त्यांना सहज शक्य होते. मला त्यातले काही कळत नव्हते आणि मी तयारही झालो असतो.

बॉनेटचे काम मी जवळ बसून पाहिले. त्यांच्याकडे रंगाची जाडी मोजणारे छोटे मीटर आहे, ते त्यांनी बॉनेटवर दहा-बारा ठिकाणी टेकवले आणि आकडे मास्किंग टेपच्या तुकड्यांवर लिहून तिथेच चिकटवले. लॅकरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी, आणि घासताना हाती असते ती त्यातली थोडीशीच जाडी. हे मीटर रंगाची एकूण जाडी सांगते, लॅकरची वेगळी नाही. तरी कुठे थर पातळ आहे आणि कुठे जाड आहे हे त्यावरून कळते. बॉनेटच्या सगळ्या धारांना आणि मधल्या उठावाच्या रेषेला त्यांनी टेप लावून घेतली, कारण धारेवर रंग कायमच पातळ बसतो आणि मशीन तिथेच आधी उघडे पाडते.

त्यानंतर १५०० नंबरचा पाणीपेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). पेपर आधी तासभर पाण्यात भिजत घातलेला होता आणि बादलीत भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकलेले होते. पेपर बोटांनी न धरता रबराच्या ठोकळ्यावर गुंडाळून, लांबीच्या दिशेने, फारसा दाब न देता त्यांनी घासायला सुरुवात केली. दर मिनिटाला ते थांबत, रबराच्या पट्टीने पाणी ओढून काढत आणि ओघळणारा लगदा पाहत. तो लगदा पातळ ताकासारखा पांढरा असेपर्यंत आपण लॅकरमध्ये आहोत. त्यात निळसर छटा दिसली की बेस कोट लागला असे समजून त्या क्षणी हात उचलायचा. मी पुढे वाकून पाहत होतो, तेव्हा त्यांनी माझ्या तळव्यावर लगद्याचा एक थेंब ठेवला आणि उन्हात धरायला सांगितला. तो पूर्ण पांढरा होता.

पत्रा सुकवल्यावर त्यावर बारीक चमकदार ठिपके दिसत होते. संत्र्याच्या सालीसारख्या उंचसखल बसलेल्या लॅकरमधल्या त्या खोलगट जागा होत्या. सगळे ठिपके जाईपर्यंत घासण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. थोडे ठिपके राहू देऊ, लॅकर राहिले पाहिजे, असे म्हणून ते थांबले. मला हा निर्णय फार योग्य वाटला. पूर्ण सपाट आरशासारखा पत्रा फोटोत छान दिसतो, पण पुढच्या चार उन्हाळ्यांना तोंड द्यायला वर थर शिल्लक लागतो. त्यानंतर २००० नंबरचा पेपर आडव्या दिशेने फिरला, म्हणजे आधीच्या पेपरचे उभे ओरखडे शिल्लक असले तर ते लगेच ओळखू येतात, आणि शेवटी ३००० नंबरचा, मऊ स्पंजवर बसवून. तोवर बॉनेट राखेसारखे करडे दिसू लागले होते. ज्याने हे पहिल्यांदा पाहिले त्याचा जीव घाबरेल, इतके ते निस्तेज दिसते.

मशीनचे काम त्या मानाने लवकर झाले. लोकरीच्या पॅडवर कंपाउंड, वेग मिनिटाला साधारण १२०० ते १५०० फेऱ्या, एका वेळी दोन वितींचा चौकोन आणि पॅड एका जागी क्षणभरही न थांबवणे, ही त्यांची पद्धत. मधून मधून ते पालथा हात पत्र्यावर टेकवत आणि पत्रा कोमटाहून गरम लागला की दुसऱ्या बाजूला वळत. लोकरीच्या पॅडने चकाकी आली, तरी तिरप्या उजेडात कोळिष्टकासारखी गोल वलये दिसत होती. ती स्पंजच्या पॅडवर बारीक पॉलिश लावून काढली. आणि मग, ज्याची मी वाट पाहत होतो, त्यांनी पुन्हा अल्कोहोलचे फडके फिरवून सगळे तेल पुसून टाकले आणि गाडी उन्हात ढकलून मला दाखवली. तेल नसताना जो दिसतो तो खरा रंग. पुतण्या बॉनेटवर झुकला आणि त्याला त्यात कडुनिंबाच्या पानांचे देठ मोजता आले. त्या निळ्या रंगाला अशी खोली आहे हे गाडी नवी असतानाही माझ्या ध्यानात आले नव्हते.

दारांना १५०० लावण्याची गरज पडली नाही; क्ले बार (चिकटलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी) फिरवून, २००० आणि ३००० घासून, पॉलिश करून ती अर्ध्या दिवसात आटोपली.

टपाच्या कामाला वेळ लागला आणि माझी थोडी नाराजीही तिथेच झाली. पाच दिवसांचा वायदा होता, गाडी अकराव्या दिवशी मिळाली. त्यातले दोन दिवस लाईन नव्हती. तीन दिवस आभाळ भरून आले होते आणि त्यांनी लॅकर मारायला साफ नकार दिला. त्या वेळी मला राग आला होता, पण कारण समजल्यावर तो राहिला नाही. शेडच्या खांबावर हवेतला ओलावा दाखवणारे घड्याळासारखे यंत्र टांगलेले आहे. त्या दिवशी हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के होती. अशा हवेत दव धरण्याचे तापमान सुमारे २५ अंश असते, म्हणजे पत्रा फक्त तीन अंशांनी थंड झाला तरी त्यावर दहिवर जमू शकते. थिनर उडून जाताना पत्र्याची उष्णता ओढून घेतो; हातावर पेट्रोल सांडल्यावर जो गारवा लागतो तोच इथेही घडतो, आणि तीन अंश उतरायला तेवढे पुरते. हेच २८ अंश असताना आर्द्रता ५० टक्के असेल, तर दव धरायला पत्रा १६-१७ अंशांपर्यंत उतरावा लागेल आणि ते सहसा होत नाही. आम्ही भाद्रपदात, ओल्या जमिनीवर, संध्याकाळी पत्रा थंड होत असताना आणि लवकर उडणारा थिनर घालून लॅकर मारले होते. दव धरण्यासाठी लागणारी एकही गोष्ट आम्ही बाकी ठेवली नव्हती. त्यातही टपाची पाळी शेवटी आली होती.

शेडचे दार पूर्वेला का, याचे उत्तरही इथेच मिळाले. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि रस्त्याची धूळही त्याच बाजूला आहे, त्यामुळे तिकडे भिंत हवी. शिवाय हिवाळ्यात सकाळचे कोवळे ऊन दारातून थेट पत्र्यावर पडले की दहिवर लवकर उडते. धुळीसाठी ते सडा टाकत नाहीत. आदल्या संध्याकाळी शेड झाडून ठेवतात आणि रात्रभर धूळ खाली बसू देतात. कापसाचा हंगाम सुरू झाला की शेजारच्या जिनिंगमधून रुईचे तंतू उडत येतात. त्या दिवसांत जिनिंग सुरू होण्याच्या आत एक हात मारून घ्यायचा, नाहीतर पडदे सोडून काम करायचे, असा त्यांचा शिरस्ता आहे.

टपावरचे जुने लॅकर त्यांनी ८०० नंबरच्या पेपरने उतरवले. धुवारी वरच्या थरात होती, खालचा थर स्वच्छ निघाला. मात्र मागच्या उजव्या कोपऱ्यात लगद्याला निळी छटा आली, म्हणजे बेस कोट उघडा पडला. त्यांनी मला फोन करून हे स्वतःहून सांगितले आणि तेवढ्या भागाला बेस कोट पुन्हा मारून कडा विरवल्या. मग ऊन आले त्या दिवशी साडेदहाला, कंप्रेसरच्या टाकीतले पाणी सोडून आणि नळीला ओलावा गाळणारे फिल्टर लावून, सावकाश उडणारा थिनर घालून लॅकरचे दोन हात मारले. दोन हातांमध्ये पंधरा मिनिटे थांबले. दुपारी एकच्या आत सगळे आटोपले होते आणि पत्र्याला पुढे चार तास ऊन मिळाले.

आता उणिवा. त्या मागच्या उजव्या कोपऱ्यात, सूर्य तिरपा असताना एका विशिष्ट जागेवरून पाहिले, तर निळ्यातली चमक किंचित वेगळी दिसते. मला माहीत आहे म्हणून दिसते, तरीही ती आहे. बॉनेटच्या जोडांत आणि काचेच्या रबरी पट्टीत कंपाउंडचा पांढरा लगदा वाळून राहिला होता. तो काढायला मला घरी जुना दातांचा ब्रश घेऊन संध्याकाळ घालवावी लागली. लेखी बिल मिळत नाही. वायद्याबाबत ते हवामानाचे कारण आधीच सांगत नाहीत, आपण विचारले तरच सांगतात, आणि परगावाहून येणाऱ्या माणसाच्या फेऱ्या त्यामुळे वाढतात.

सर्वांत गंभीर गोष्ट वेगळी आहे. लॅकर मारताना कारागीर स्वतः काडतुसाचा, म्हणजे विषारी वाफ गाळणारा, मास्क लावतात, पण फवारणीच्या गनची नळी धरणारा मदतनीस मुलगा तोंडाला फक्त दुपट्टा बांधून उभा होता. टू-के लॅकरच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटला कापड अडवू शकत नाही. त्याने दम्याचा आजार जडतो आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की नंतर थोडासा वासही त्रास देतो. मी हे त्यांना त्याच दिवशी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि दुसरा मास्क आणतो म्हणाले. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मास्क आणलेला नव्हता. माझ्या पुतण्यानेही गोठ्यात रुमाल बांधूनच लॅकर मारले होते आणि तेव्हा मी शेजारी उभा होतो, याचे मला आजही वाईट वाटते. या शेडला मी पूर्ण गुण देत नाही, त्याचे हे एकच कारण पुरेसे आहे. काम करून घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या मुलाच्या मास्कबद्दल विचारावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

खर्च असा आला : बॉनेट १,२०० रुपये, दोन दारे १,४०० रुपये, टप ३,२०० रुपये, एकूण ५,८०० रुपये. कोपऱ्याच्या बेस कोटचे वेगळे पैसे घेतले नाहीत. घरी रंगवण्यात आम्ही जे वाचवले होते त्यातला बराच भाग इथे गेला, तरीही नागपूरला सांगितलेल्या रकमेच्या तुलनेत हा खर्च फार कमी होता आणि जे थर चांगले होते ते वाचले.

निघताना त्यांनी निक्षून सांगितले होते की टपाला दोन महिने वॅक्स लावू नका, कारण नव्या लॅकरमधला थिनर हळूहळू बाहेर पडत असतो आणि वर वॅक्सचा थर बसला तर तो कोंडतो. आम्ही ते पाळले. पौषात सलग काही दिवस पहाटे दाट धुवारी पडली, तुरीचे आमचे थोडे नुकसानही झाले. त्या सकाळी मी रोज गाडीच्या टपावरचे दहिवर फडक्याने पुसून खालचा रंग पाहत असे. तो निळाच होता. बॉनेट त्यानंतर सहा-सात वेळा धुतले गेले आहे आणि त्यावरही काही परत आलेले नाही.

ज्यांना गाडी तिथे न्यायची असेल त्यांनी आधी पंधरा दिवस कसलेही कंपाउंड, पॉलिश वा वॅक्स लावू नये, म्हणजे खरा दोष लगेच दिसेल. रंग मारून महिना झालेला नसेल तर तेवढे थांबून जावे. लॅकर, हार्डनर आणि थिनर यांचे उरलेले डबे फेकून न देता सोबत न्यावेत, कारण कारागीर सर्वांत आधी तेच मागतात. सकाळी नऊच्या सुमारास पोहोचावे. रविवारी शेड बंद असते.